भाटखारची खांड

आमच्या बांधाला भूक लागायची. गोष्ट रंगवायची म्हणून सांगत नाही, खरोखरची भूक. वेळेवर घातलं नाही की तो मऊ पडायचा, बोट टेकलं की आत जायचं. घातलं की पुन्हा दगड. भाटखारातल्या बायका म्हणायच्या, वनाबाय घरतला, म्हणजे मला, दोन लेक, एक नरेश आणि दुसरा बांध, आणि त्यातला बांध जास्त ऐकतो. खोटं नव्हतं. नरेश मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा तोंड दाखवणार. बांध रोज दारात उभा.

भाटखार म्हणजे खाडीच्या काठावरचं आमचं आगरी गाव. कोंबडी बांधावर चढली तर समुद्र तिच्या पायाशी, आणि घरात उतरली तर तिच्या डोक्यावर, असं ते गाव. त्याच बांधाच्या आत, थोडं पुढे, आगरबंदर. जुनं बंदर आहे ते. फिरंग्यांनी बांधलेला कोट, कोटात बाजार, देवळं, मशीद, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि चुन्याने लिंपलेली दुमजली घरं. मुंबईचा सखल भाग सोडायची वेळ आली तेव्हा तिकडची माणसं गाद्या-गोधड्या घेऊन इकडे आली आणि बघता बघता कोटाचं शहर झालं. पण शहर म्हणजे परात. कड उंच, मध्ये खोल. डोंगरावरून येणारं पाणी आमच्या शेतांतून जाऊन शेवटी त्या परातीत बसायचं.

समुद्र काही अचानक वर आला नाही. माझ्या लग्नात बांधाच्या ज्या पायरीवर मला होडीतून उतरवलं, ती पायरी माझ्या सुरेखाच्या बारशाला ओली होती आणि तिच्या लग्नाला दिसलीच नाही.

पूर्वी बांध चिखलाचा होता. त्याला एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला समुद्र खाली गेला की आतल्या पाण्याच्या जोराने उघाडीच्या फळ्या उघडतात आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला समुद्राच्या जोराने त्याच फळ्या मिटतात. माणसाने हात लावायला नको. आणि बांध फुटला तर ती खांड. खांड पडलेली जो पहिला बघेल त्याने ओरडायचं, "खांड!" बस, एवढंच. मग ज्याच्या हातात घास असेल त्याने तो टाकायचा, बाळंतीण सोडून बाकी सगळ्यांनी टोपली उचलून धावायचं, आणि रिकाम्या टोपलीने परत यायचं नाही. याला जोळ म्हणतात. भावाभावांचे कज्जे, सासू-सुनांची भांडणं, सगळं त्या एका हाकेखाली बंद.

म्हणूनच तो शब्द आमच्यात उगीच काढत नाहीत. पोरं खेळताना ओरडली तर आधी चापट, मग विचारपूस. एकदा बाळ्या भोईर दारूच्या नशेत बांधावर चढून "खांड" ओरडला. सगळं गाव टोपल्या घेऊन आलं, बघतं तर बांध धडधाकट. त्या दिवसापासून गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो मेला तेव्हा खांदा द्यायला आले, पण रडलं कोणी नाही.

नरेशने लग्न करून आणली ती केतकी वर्ध्याची. समुद्र तिने नकाशात पाहिलेला. कोळंबी सोलायला दिली तर ही कोळंबीकडे बघणार आणि कोळंबी हिच्याकडे. मी म्हटलं, वा, नरेश, बायको आणलीस की पाहुणी? पण बाई शिकलेली होती, आणि शिकलेली ती नेमकी चिखलात. कुठल्याशा मोठ्या संस्थेत मातीतल्या जिवाणूंवर तिने वर्षं घालवली होती. लग्नानंतर महिन्याभरात ती खाजणातल्या चिखलात गुडघाभर उभी राहून बाटल्या भरत होती.

"आई, या चिखलात असे जिवाणू आहेत की ते दगड बनवतात," एक दिवस जेवताना तिने काढलं.

"बनवत असतील. माणसांनी काम सोडल्यावर कोणीतरी करायला हवं."

तिने ताटातल्या भाताचा बांध केला आणि मला समजावलं. ते जिवाणू इतके बारीक की चिमूटभर मातीत अख्ख्या जगाची वस्ती. भातशेतीला घालतो तो युरिया ते खातात. खाल्ल्यावर त्यांच्या अंगातून जे बाहेर पडतं ते खाऱ्या पाण्यातल्या चुन्याशी जुळतं आणि मातीच्या कणाकणामध्ये दगड धरतो. शिंपली जशी समुद्रातूनच आपलं घर उभारते, तसंच. तिच्या संस्थेने या जिवाणूंना खारात टिकायला शिकवलं होतं आणि उपाशी झोपायलाही. बांधाला भेग पडली, पाणी झिरपलं, की तिथले झोपलेले जागे होणार, खाणार, भेग बुजवणार आणि पुन्हा झोपणार.

"म्हणजे आमच्या बांधाला मूत लागणार."

"युरिया, आई."

"तेच ते. गोणीत भरलं की युरिया."

ती खळखळून हसली. पहिल्यांदाच तिला तशी हसताना पाहिली. मग म्हणाली, "फक्त एक आहे. झिरप असली तरच तो बुजवू शकतो. धार लागली तर त्याचं काही चालत नाही, सगळं वाहून जातं."

संस्थेची माणसं आली, लांब सुया खुपसून त्यांनी अख्ख्या बांधाला ते औषध दिलं. मी बांधावर उभी राहून त्यांना नावं ठेवली. त्या वर्षीच्या उधाणात समोरच लांबलचक भेग पडली. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. पण केतकीने हात धरला, "थांबा आई." आम्ही बघत राहिलो. पाणी पाझरलं, मग घाम फुटावा तसं नुसतं ओलं राहिलं, आणि दुसऱ्या ओहोटीला भेगेच्या जागी पांढरी शीर उठली होती. नख लावलं तर नख तुटलं.

मी चपला काढल्या. केतकी म्हणाली, "आई, हे यंत्रच समजा." मी म्हटलं, "तू समज."

त्यानंतर संस्थेच्या माणसांचं येणं कमी झालं, आणि बांधाला खायला घालायचं काम गावावर आलं. गावावर म्हणजे बायकांवर. आणि बायका रिकाम्या हाताने कोणाला जेवायला घालत नाहीत. उघाडीच्या तोंडाशी बांधाई देवीचा तांदळा आहे, नाकापुरता उंचवटा असलेला, शेंदूर फासलेला दगड. पूर्वीपासून उधाणाला तिथे नारळ फोडायचो. आता आम्ही पुनवेला आणि अवसेला बांधाची ओटी भरायला लागलो. युरियाचं पाणी, शिंपल्यांचा चुना, गूळ, तांदूळ, खण. घराघरातून बाई येणार, मी धवला म्हणणार, कारण लग्नात धवले गाणारी धवलारीण मीच, आणि ओंजळ ओंजळ उघाडीवर ओतायचं. जोळ मोडून कितीतरी वर्षं झाली होती. पोरं कंपन्यांत, बांधाकडे ढुंकून बघत नव्हती. ओटीने जोळ परत आली. कोटातली एकही बाई मात्र कधी फिरकली नाही. त्यांना आतून बांध म्हणजे भिंत, आणि भिंतीला कोण जेवायला घालतं?

केतकी एकदाच आडवी आली, तीही सगळ्यांसमोर. "ओटी भरा, गूळ घाला, काय हवं ते घाला. पण उघाडीवर नको. पुढे बांधाच्या पाठीवर घाला."

"ओटी बाईच्या पदरात भरतात केतके, पाठीत नाही."

बायका हसल्या. तिचा चेहरा पडला, पण ती हटली नाही. "आई, त्याला दार आणि भेग यातला फरक कळत नाही. त्याला दोन्ही भोकच."

"ज्याने समुद्र अडवला त्याला दार कळत नाही? तुला कळतं, मला कळतं, त्यालाच नाही?"

माझी शेजारीण आणि जन्माची मैत्रीण ताराबाय म्हात्रे मागून म्हणाली, "वर्ध्याला उघाडी नसल गो. तिला काय ठाव?" पुन्हा हशा. केतकी घरी गेली. मग रोज ओहोटीला छिन्नी-हातोडा घेऊन उघाडीच्या चौकटी खरवडताना दिसायची. खरवडून यायची, आणि पुढच्या उधाणाला बांध भरून काढायचा. तिने शहराच्या कचेरीत जाऊन सांगितलं. तिथे बांधाची तब्येत दाखवणारं यंत्र होतं, भिंतभर पडदा, त्यावर सगळा बांध हिरवागार. त्या यंत्राला भोक म्हणजे आजार. भोक बुजलं की तब्येत सुधारली.

आणि आम्हाला तरी काय दिसत होतं? उघाडीला पांढरी झिलई चढत होती, हस्तिदंती. ताराबाय म्हणाली, "बांधाईला चांदी चढली." आम्ही आणखी गूळ घातला.

श्रावणात पाऊस बसला तो उठेना. दिवस-दिवस नुसता ओतत होता. ओहोटी आली, आम्ही उघाडीकडे बघत राहिलो, फळ्या हलल्या नाहीत. मी बांधावरून खाली उतरले आणि हात फिरवला. दार कुठे होतं ते हाताला सापडलं नाही. सगळा एकसंध गुळगुळीत दगड. दगड चढत चढत बांधाईचं फक्त शेंदरी नाक उरलं होतं.

आमच्या घरांची जोती उंच, त्यामुळे भाटखारात पाणी अंगणात खेळत होतं एवढंच. जे बसायचं ते परातीत बसलं. कोटातले पंप पहिल्याच झटक्याला बुडाले. बाहेर समुद्र असा उसळत होता की होडी घालायची सोय नव्हती, आणि कोटाचे दरवाजे पाण्याखाली. सकाळी सुरेखाचा फोन आला. माझी लेक कोटात, राऊतांच्या घरात दिलेली. तिची सासू राऊतबाई शहराची नगराध्यक्ष.

"आई, पाणी जिना चढतंय," सुरेखा म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, आणि तेच मला नको झालं. "आम्ही सगळे माळ्यावर आहोत. पोरं आहेत, शेजारचेही आलेत. आत्ता समोरचं घर बसलं, आई. आवाजसुद्धा आला नाही. चुन्याच्या भिंती ना, नुसत्या विरघळल्यासारखं खाली बसलं."

"माणसं होती?"

"होती."

मी फोन ठेवला. केतकी भिजून चिंब दारात उभी होती.

"बांधावरच्या कोठीत आम्लाची पिंपं आहेत," ती म्हणाली. "बांध आवरेनासा झाला तर त्याला मारायला म्हणून आम्ही ठेवली होती. आम्लाने तो दगड फसफसतो आणि भुसभुशीत होतो. ओतायचं, उकरायचं, गाळ उपसायचा, पुन्हा ओतायचं. दुपारच्या ओहोटीत उघाडी मोकळी झाली तर कोट वाचेल."

"मग यंत्र बोलाव."

"खोदायचं यंत्र कोटात आहे. बुडालंय. हातच हवेत, आणि पुष्कळ. मी आणि तुम्ही दोघी केलं तर भरती येईपर्यंत कोपराएवढं भोक पडेल."

"आणि नंतर?"

ती माझ्याकडे बघेना. "आम्ल आत शिरलं की जिवाणू मरत जातील, दोन्ही बाजूंना. संध्याकाळच्या भरतीला हा बांध म्हणजे नुसता चिखल असेल. आणि समुद्र आता पूर्वीचा नाही, आई. चिखलाने अडणार नाही. कोटाला निदान त्याची भिंत आहे, भाटखारला काही नाही."

"म्हणजे भाटखार जाणार."

"हो."

ती "मी सांगितलं होतं" असं बोलली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

आधी मी सरळ मार्गाने गेले. ताराबायच्या ओटीवर गावातल्या बायका-पुरुष जमले होते. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, हे खरं.

मग ताराबाय म्हणाली, "कोटातली मानसं आपल्या लग्नात जेवून गेली. बांधाच्या ओटीला एक तरी बाय आली का गो? आमी पोटच्या पोरावानी वाढवला त्याला. त्यांच्यासाठी मारू?"

"माणसं मरतायत, तारे."

"मानसं मरतायत का तुजी लेक मरते? लेक तिथं नसती तर तुला येवरा कळवला आला असता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि चालायला लागले. सुरेखा तिथे नसती तर मी पुढचं केलं असतं का, हे मला अजूनही कोणी विचारू नये.

पाऊस तेवढ्यापुरता झिमझिमला होता. समुद्र उतरत होता, खाडीचा काळा चिखल उघडा पडत होता. मी पहार घेऊन उघाडीवर चढले, बांधाईच्या नाकाजवळ पाय रोवून उभी राहिले, पदर कमरेला खोचला आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून ओरडले.

"खांड! खांड गेली हो! खांड!"

लग्नमांडवात माझा धवला तीन वाड्यांपलीकडे ऐकू जायचा. ही हाक तर सगळ्या गावात गेली. मग दारं वाजली. मी वरून बघत होते. ताराबाय हातातली काथवट फेकून टोपली घेऊन धावत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत. तिच्या मागे भोईर, त्यांच्या मागे ठाकुरांची म्हातारी, काठी टेकत, डोक्यावर टोपली उपडी. कंपनीत जाणारी पोरं, ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नव्हता, तीसुद्धा. एकही घर मागे राहिलं नाही. इतकं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही पाहिलं नाही. आणि मी त्यांना फसवत होते.

सगळी वर आली, धापा टाकत. बांध धडधाकट. केतकी पिंपाचं झाकण उघडत होती.

"खांड कुठंय?" ताराबायने विचारलं.

"पडली नाही. पाडायची आहे."

ठाकुरांची म्हातारी मटकन खाली बसली.

"वने," ताराबाय म्हणाली, अगदी हळू, "तुजी जीभ झडो."

"झडू दे. खांडीला आलात ना? टोपली घेऊन आलात. रिकाम्या टोपलीने परत जायची रीत कोणाच्या घरात आहे, त्याने पुढे यावं." आणि मी पहार उचलून पहिला घाव बांधाईच्या नाकाखाली घातला. हात झिणझिणले, दगडावर नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसरा घातला. तिसऱ्याला कोणीतरी माझ्या हातातून पहार काढून घेतली. ताराबाय. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

केतकीने आम्ल ओतलं. पांढरा फेस उठला, नाकात सुया गेल्यासारखा वास, डोळ्यांतून पाणी. दगड फसफसला, साय फुटावी तसा फुटला. घाव, उपसा, टोपली, पुन्हा आम्ल. एरवी जोळीत बायका गातात, पुरुष शिव्या देतात, पोरं चिखल उडवतात. त्या दिवशी कोणी आवाज काढला नाही. आपल्याच पोराला मारताना काय गाणार? बांधही सोडेना. आम्ही उकरलेल्या जागेवर मधूनच पांढरी शीर धरायला बघायचा. केतकी रडत होती आणि ओतत होती. शेवटी फळ्या लागल्या. त्या हातभर दगडात कुजून गेल्या होत्या. भोईराच्या थोरल्याने घाव घातला आणि आतलं पाणी असं सुटलं की तो त्याबरोबर खाडीत जाऊन पडला. पोरांनी दोर टाकून ओढला. पाणी जात राहिलं. आमच्या शेतांतलं, ओढ्यातलं, आणि त्यामागोमाग कोटातलं. त्यात पाट होते, पायताणं होती, देव्हारे होते. एक पाळणाही गेला. त्यात कोणी नव्हतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

सुरेखाचा फोन आला. "आई, पाणी उतरतंय. पोरं ठीक आहेत." मी "बरं" म्हटलं.

उन्हं कलताना भरती आली. सगळ्यांनी घरातून जे उचलता येईल ते उचललं होतं आणि आम्ही कोटाच्या वाटेवरच्या उंचवट्यावर उभे होतो. बांध फुटला नाही. तो बसला. मेल्यावर अंग सैल पडतं तसा सैल पडला, आणि समुद्र त्याच्यावरून पाय न उचलता आत आला. भाताची हिरवी शेतं आधी गेली. मग जोती, मग माझ्या दारचा शेवगा. ठाकुरांची म्हातारी एवढंच म्हणाली, "माझी चूल पेटती र्‍हायली."

आम्हाला कोटातल्या मिठाच्या जुन्या गोदामात जागा दिली. राऊतबाई गाडीतून आली, माझ्या गळ्यात पडली, आणि माझ्या लुगड्याचा चिखल तिच्या साडीला लागला तशी जरा मागे झाली. "विहीणबाई, तुमचे उपकार शहर विसरणार नाही."

"गावाचे म्हणा. मी काय एकटीने पाडली?"

"गावाचेच. पण आता नवा बांध कोटाला लागूनच घालावा लागेल, सगळ्यांचं तेच मत आहे. भाटखारची बाजू धरणं आता शक्य नाही."

शेजारी ताराबाय गाठोडं सोडत होती. तिने सगळं ऐकलं. गाठोड्याची गाठ तिने पुन्हा बांधली आणि ते उचलून गोदामाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

त्या दिवसापासून माझ्याशी गाव बोललं नाही. मला नळावर जागा देतात, म्हाताऱ्या माणसाला द्यायची म्हणून. भोईरांच्या घरात हळद होती, धवले गायला पेणहून बाई आणली. मी गोदामाच्या पायरीवर बसून ऐकले. त्या बाईचा सूर चुकत होता. सुरेखा म्हणते, आमच्याकडे माळ्यावर राहायला ये. मी जात नाही. माझं गाव गोदामात आहे, आणि त्यांनी मला टाकलं म्हणून मी त्यांना टाकावं असं कुठे लिहिलेलं नाही.

नवा बांध कोटाच्या भिंतीला लागून उठला, वर्षाच्या आत. त्याला ओटी नाही. कचेरीची माणसं येतात, नळीने मोजून पाजतात, निघून जातात. उघाडीला खाऊ लागू नये म्हणून काचेचा लेप दिला आहे. हे सगळं केतकीने करून घेतलं आणि बरोबर केलं. फक्त एका गोष्टीसाठी ती भांडत राहिली. नवा बांध जिथे कोटाच्या जुन्या भिंतीला मिळतो, त्या सांध्यात नवा दगड जुन्या चुन्याला नीट धरत नाही, आणि यंत्राचे डोळे तर फक्त नव्या बांधात बसवलेले. "जुनी भिंत कित्येक शतकं उभी आहे," तिला सांगण्यात आलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं.

मी दुपारची त्या सांध्यापाशी जाऊन बसते. तिथून खाडी दिसते, आणि ओहोटी मोठी असली तर भाटखारच्या एका जोत्याची कड.

आज भादव्याचं उधाण. समुद्र बांधाच्या काठापर्यंत आला होता, वारा नव्हता, नुसता फुगलेला. माझ्या पायाला ओल लागली. सांध्यातून पाणी पाझरत होतं. मी ओंजळीत घेतलं. स्वच्छ होतं. बांधाला घाम येतोच, तेवढ्याने कोणी घाबरत नाही. मी बसून राहिले. मग पुन्हा ओंजळ धरली तर पाणी गढूळ. तळहातावर चुन्याचे पांढरे कण उरले. आणि बघता बघता पाझर सुटून त्याची धार झाली, करंगळीएवढी.

मी उठले. गुडघे वाजले. गोदाम समोरच, बायका उन्हात बसून सुकट निवडत होत्या. ताराबाय होती. मी पदर खोचला.

"खांड! खांड हो!"

आवाज अजून आहे माझा. बाजारात माणसं थांबली. कोटातली ती. एकाने विचारलं, "काय ओरडतेय म्हातारी? कांदा?" त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता, त्यांचे हात सुकटीच्या सुपात थांबले. सगळ्यांनी वर बघितलं. मी त्या सगळ्यांचे डोळे बघितले.

"आता कोनाची लेक बुडतेय गो?" कोणीतरी म्हणालं, आणि हात पुन्हा चालायला लागले.

ताराबाय उभी राहिली होती. माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सूप पाखडलं आणि खाली बसली.

मी पुन्हा ओरडले. फक्त केतकी आली, कचेरीकडून धावत, हातात घमेलं. जोळीला कसं धावतात ते एवढ्या वर्षांत तिला जमायला लागलं आहे. तिने धार बघितली. ती खाली उतरून माती भरायला लागली, मी सांध्यात कोंबायला. एक घमेलं, दुसरं. धार दाबली की बाजूला नवी. माती घालताघालताच वाहून जात होती. तिची पाठ माझ्याकडे होती, तिला माझा चेहरा दिसत नव्हता, आणि मला गोदाम दिसत होतं, तिथली सुपं अजून चालत होती.

"आई," ती खाली वाकूनच म्हणाली, "कोणी येतंय का?"

पाणी माझ्या घोट्यांवर आलं होतं.

"येतायत," मी म्हटलं. "तू माती दे."